‘डिप्रेशन’ म्हणण्याआधी आणि म्हटल्यानंतर

गेल्या काही वर्षांत वाचकांच्या प्रश्नांमध्ये एक इंग्रजी शब्द सतत येतो आहे. ‘कॉलेजातली मुलगी दर दोन दिवसांनी मला डिप्रेशन आलंय म्हणते, हे किती मनावर घ्यायचं?’ ‘वडील निवृत्त झाल्यापासून कोणाशी बोलत नाहीत, डिप्रेशन म्हटलं की भडकतात.’ ‘डॉक्टरांनी कागदावर डिप्रेशन लिहिलंय, ऑफिसात कळलं तर काय होईल?’ प्रश्न वेगवेगळ्या घरांतले आहेत, पण गोंधळ एकच आहे. पेपर अवघड गेला तरी हा शब्द वापरला जातो आणि महिनाभर आंघोळीलाही उठवत नाही अशा माणसासाठीही तोच. त्यामुळे पहिल्याला काळजीचं कारण नसताना घर घाबरतं आणि दुसऱ्याचं कुणी ऐकतच नाही.

तुमच्या घरात कोणी हा शब्द उच्चारला तर त्याला शब्दावरून टोकू नका. ‘एवढ्याशा गोष्टीला काय डिप्रेशन म्हणतेस’ असं म्हटलंत, तर पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही. पण नुसत्या त्या शब्दावरून उपचाराचा निर्णयही घेऊ नका. निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: किती दिवस, दिवसातला किती वेळ, आणि रोजचं कोणतं काम अडलं. हा लेख या तीन गोष्टी कशा पाहायच्या आणि पुढे काय करायचं, यासाठी आहे.

शब्द बाजूला ठेवा, दिवस मोजा

वैद्यकात डिप्रेशन म्हणण्यासाठी किमान दोन आठवडे ही मुदत धरतात. या काळात बहुतेक रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असतं, किंवा एरवी ज्यात रस वाटायचा त्यात काहीच वाटेनासं होतं. या दोन्हींपैकी एक गोष्ट असावीच लागते. तिच्या जोडीला झोप, भूक किंवा वजन, थकवा, एकाग्रता, हालचालींतली मंदता किंवा अस्वस्थता, स्वतःबद्दल अपराधी किंवा निरुपयोगी वाटणं आणि मरणाचे विचार यांतली काही लक्षणं असतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची पुस्तिका एकूण नऊ लक्षणांची यादी देते आणि त्यांतली किमान पाच असावीत असं म्हणते.

रस न वाटण्याच्या मुद्द्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही. उदास माणूस रडतो, असं आपण धरून चालतो. कितीतरी जण रडत नाहीत. त्यांना काहीच वाटत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी वाटत नाही, आवडता सामना लावला तरी मध्येच उठून जातात. आपल्याकडे ‘मन लागत नाही’, ‘करमत नाही’, ‘नको नको वाटतं’, ‘जीव कशात रमत नाही’ हे शब्दप्रयोग नेमके याच अवस्थेचे आहेत. घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी इंग्रजी शब्द येणार नाही, हे शब्द येतील. ते ऐकले की लगेच विचारा: ‘कधीपासून?’

पुरुषांमध्ये, विशेषतः कमावत्या वयात, हे अनेकदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. पूर्वी शांत असलेला माणूस मुलांवर खेकसतो, रोज प्यायला लागतो, कामावरून उशिरा येतो. घरचे स्वभाव बिघडला म्हणतात. वागण्यातला बदल नेमका कोणत्या महिन्यापासून दिसतो हे आठवून पाहा. स्वभाव एका महिन्यात बदलत नाही.

अंगावर निघणारं दुखणं

हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातल्या बहुतेक लोकांना डिप्रेशन आधी शरीरात जाणवतं. डोकं जड होणं, अंगात त्राण नसणं, हातापायाला मुंग्या, पाठ धरणं, छातीत धडधड, पोटात गोळा येणं. बायकांमध्ये पांढरं जाण्याची तक्रार. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं संशोधन केलं. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींच्या मागे उदासी आणि चिंता होती, हे त्यातून पुढे आलं. या बायका ‘मी उदास आहे’ असं म्हणत नव्हत्या. थकवा सांगत होत्या, दुखणं सांगत होत्या.

याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. तपासण्यांत काही निघालं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आणि उलट बाजूने, उदासी दिसली म्हणून शरीर तपासायचं राहून जाऊ नये. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि खिन्न होतो. हिमोग्लोबिन फार कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी थकवा आणि मन न लागणं येतं. पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल असतात. काही औषधांचाही परिणाम असतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांना रक्त आणि थायरॉइड तपासायचं का, हे विचारा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. महागडी मेंदूची स्कॅन स्वतःहून करून घेऊ नका. डिप्रेशन स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टरांना दुसरी शंका असेल तर ते सांगतील.

टेन्शन, शोक आणि बाळंतपण

टेन्शन हा आपण पूर्ण मराठी करून टाकलेला शब्द आहे. त्याला बहुधा समोर एक कारण असतं: हप्ता, निकाल, मुलीचं लग्न, पाऊस. कारण सरलं की ते उतरतं. कारण सरलं तरी उतरत नसेल, किंवा कारण सांगताच येत नसेल, तर पुन्हा दिवस मोजायला लागा. एक मात्र लक्षात ठेवा. कर्ज हे खरं कारण आहे म्हणून डिप्रेशन नाही, असं होत नाही. कारण खरं असूनही आजार जडतो आणि तेव्हा दोन्हींवर उपाय करावा लागतो. कर्जाच्या पुनर्रचनेसाठी बँकेत जायला लागतं, त्यासाठी उठण्याचं बळ उपचारातून येतं.

जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख आजार नव्हे. ते लाटांसारखं येतं. आठवण आली की डोळे भरतात आणि मधल्या वेळात माणूस हसतोही. दहावं-तेरावं होईपर्यंत घर भरलेलं असतं. खरी पोकळी त्यानंतर, पाहुणे गेल्यावर जाणवते. म्हणून भेटायला जायचं असेल तर महिन्याने जा. पण गेलेल्या माणसाच्या दुःखापेक्षा ‘मीच नालायक, मीच मरायला हवं होतं’ हे बोलणं वाढत असेल, खाणंपिणं सुटत असेल, तर ‘वर्ष होऊ दे, आपोआप विसरेल’ म्हणून थांबू नका.

बाळंतिणीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, हळवं होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काहीच वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेना, तर तिला डॉक्टरांकडे न्या. ‘आम्ही नाही का मुलं वाढवली’ हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारू नये. आणि तिला भास होत असतील, बाळाविषयी विचित्र किंवा घातकी कल्पना बोलत असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका.

नऊ प्रश्नांची यादी कशी वापरायची

पीएचक्यू-९ नावाची एक सोपी प्रश्नावली जगभर दवाखान्यांत वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण २७. ५ च्या खाली फारशी काळजी नाही. ५ ते ९ सौम्य. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. १५ च्या पुढे ती भेट लांबवू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्य सोडून कोणतंही उत्तर आलं, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

ही यादी चाळणी आहे, निदान नव्हे. दोन चुका फार होतात. पहिली, रोज भरत बसणं. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. दुसरी, नवऱ्याने बायकोच्या वतीने किंवा आईने मुलाच्या वतीने भरणं. ज्याचं मन, त्यानेच उत्तरं द्यायची. वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा आणि तो जे सांगेल तेच लिहा.

थांबायचं नाही अशी वेळ

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘तुमच्या डोक्याचा ताप एकदाचा जाईल’ अशी वाक्यं, वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रं आवरून ठेवणं, आणि फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणं. हे दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं तर:

- त्याला एकटं ठेवू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.
- फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. शेतकरी घरांत ही एकच गोष्ट कितीतरी जीव वाचवते, कारण तो टोकाचा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो.
- १४४१६ हा टेलि-मानस या केंद्र सरकारच्या सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येतं.
- प्रयत्न झालाच असेल तर ११२ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. घरगुती उपायांनी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. काय घेतलं त्याची बाटली किंवा पाकीट सोबत न्या.

पोलीस केसच्या भीतीने लोक रुग्णालयात नेत नाहीत, किंवा ‘चुकून प्यायला’ म्हणून सांगतात आणि मग खरा उपचार राहून जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब घेतला जातो, ती नोंदीची पद्धत आहे. त्याला घाबरून वेळ घालवू नका.

कोणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. ते एमबीबीएस करून या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि तो क्रमांक विचारायला संकोच करू नका. समुपदेशक या नावाखाली मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं काम करतात. चार दिवसांचा अभ्यासक्रम करून पाटी लावलेलेही आहेत. पदवी कोणती, कुठे काम केलं, आणि गरज पडली तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथून निघा.

सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागतं. मध्यम आणि तीव्र त्रासात औषध आणि मानसोपचार यांचा विचार एकत्र होतो. गावात तज्ज्ञ नसेल तर तुमचे नेहमीचे डॉक्टर सुरुवात करू शकतात. जिल्हा रुग्णालयांमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला संस्था आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं दाखवायला जाता येतं. तिथे गेलं की दाखलच करतात, हा समज काढून टाका.

महागड्या तज्ज्ञाशिवाय काही होत नाही, असंही नाही. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून, ज्यांना आधीचं वैद्यकीय शिक्षण नव्हतं, सहा ते आठ भेटींचा उपचार आरोग्य केंद्रांमधून दिला. तीव्र डिप्रेशन असलेल्यांनाही त्याचा फायदा झाल्याचं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्या उपचाराचा गाभा तुम्ही घरीही वापरू शकता: उत्साह येण्याची वाट न पाहता छोटं काम ठरवायचं, वेळ लिहायची आणि ते करायचं. ‘रोज व्यायाम करीन’ असं ठरवू नका. ‘संध्याकाळी सहाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येईन’ एवढंच. काम झालं की खूण करा. दोन दिवस चुकलं तरी तिसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा.

देवळात, दर्ग्यात जायचं असेल तर जा. गोळ्या मात्र बंद करू नका. ‘बाहेरचं आहे’ म्हणून भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी मारत असेल, साखळीने बांधत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

पहिल्या भेटीत काय सांगाल

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘मला डिप्रेशन आहे’ एवढंच सांगून थांबू नका. भेट थोड्या मिनिटांची असते. घरून एका कागदावर लिहून न्या:

- कधीपासून सुरू झालं. महिना आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की दिवाळीनंतर.
- झोप किती वाजता मोडते. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा न लागणं हे महत्त्वाचं लक्षण आहे.
- कोणतं रोजचं काम बंद पडलं: स्वयंपाक, दुकान उघडणं, फोन उचलणं.
- दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या. किती, खरं खरं.
- पूर्वी कधी उलट अवस्था आली होती का: कमी झोपूनही अफाट उत्साह, बोलण्याचा वेग, उधळपट्टी, मोठमोठे बेत. हे सांगितलं नाही तर चुकीचं औषध सुरू होऊन ती अवस्था उफाळू शकते. घरच्यांना हे रुग्णापेक्षा चांगलं आठवतं.
- घरात आणखी कुणाला असा त्रास, किंवा आत्महत्या.

एकटं बोलायची इच्छा असेल तर तसं सांगा. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवून आधी तुमच्याशी बोलणं हे चांगल्या डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे.

गोळ्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते

सवय लागते का? एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्झेटीन अशा डिप्रेशनवरच्या औषधांची व्यसनासारखी ओढ लागत नाही. पण ती एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. त्या काही दिवसांपुरत्या दिलेल्या असतात आणि लोक जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणत राहतात. अनेकदा दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर असतात, म्हणून कोणती कशासाठी आणि किती दिवस, हे प्रत्येक नावापुढे लिहून घ्या.

परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तर मळमळ किंवा अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते. त्यामुळे अनेक लोक नेमके चुकीच्या वेळी औषध सोडतात. पहिल्या पंधरवड्यात त्रास झाला तर फोन करून विचारा, परस्पर बंद करू नका. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे या काळात विशेष लक्ष ठेवा; आत्मघाताचे विचार वाढले तर लगेच कळवा. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडलं तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते.

परदेशी मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी पुरेशा गोळ्या, मूळ चिठ्ठी आणि औषधाचं कंपनीचं नव्हे तर मूळ रासायनिक नाव सोबत ठेवावं. तिथे आपल्या कंपन्यांची नावं कुणाला कळत नाहीत. इंग्लंडमध्ये स्थायिक असलेल्या वाचकांना फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही सरकारी टॉकिंग थेरपी सेवेत स्वतः नाव नोंदवता येतं आणि दुभाषी मागता येतो.

घरच्यांनी काय बोलावं

‘मनावर घेऊ नकोस’, ‘तुला काय कमी आहे’, ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’. सांगणाऱ्याला माया असते, पण ऐकणाऱ्याला आपलं दुखणं नाकारलं गेल्यासारखं वाटतं. त्याऐवजी काम वाटून घ्या: ‘आज डबा मी करते, तू फक्त आंघोळ करून ये.’ ‘डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, सोबत येतो.’ वडील डिप्रेशन शब्दाने भडकत असतील तर तो शब्द घरात वापरू नका. ‘झोप लागत नाही, त्यासाठी दाखवून येऊ’ म्हणा. यात फसवणूक नाही, झोप खरंच लागत नसते. पुढचं डॉक्टर त्यांना समजावतील. पण चहात गोळी मिसळून देऊ नका. एकदा कळलं की त्या माणसाचा घरातल्या अन्नावरचाही विश्वास जातो.

कागदावर हा शब्द आला, तर तुमचे हक्क

आधी एक गोष्ट पक्की करा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एखाद्याला मानसिक आजार आहे असं निदान झालं, एवढ्यावरून त्याला वेडसर किंवा अक्षम मानता येत नाही. तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. जमिनीच्या वाटणीत किंवा घटस्फोटाच्या भांडणात ‘याच्या फायलीवर डिप्रेशन आहे’ असं धमकावणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवा.

ऑफिस. कलम २३ नुसार तुमच्या आजाराची, उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन डॉक्टर आणि रुग्णालयावर आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या प्रसंगी अपवाद आहेत. वरिष्ठांचा फोन हा अपवाद नाही. रजेच्या अर्जात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिणं पुरतं का, ते आधी नियमावलीत पाहा. खासगी नोकरीत बहुधा पुरतं आणि ‘उपचार चालू असून विश्रांती आवश्यक आहे’ असा दाखला डॉक्टर देऊ शकतात. काही नमुन्यांत आजाराचं नाव लिहावंच लागतं. तिथे कावीळ किंवा टायफॉइड लिहून घेऊ नका. खोटा दाखला उघड झाला तर नोकरीवरच बेतेल.

विमा. कलम २१ म्हणतं की शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर आरोग्यविमा मिळतो त्याच तत्त्वावर मानसिक आजाराला मिळाला पाहिजे, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं आहे. तरी बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचा खर्च देतात, बाहेरच्या समुपदेशनाचा नाही. विकत घेण्याआधी ‘बाह्यरुग्ण खर्च’ या शीर्षकाखाली काय लिहिलंय ते वाचा. आधीपासून उपचार चालू असतील तर अर्जात लिहा. प्रतीक्षेचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, पण लपवलेलं निघालं तर दावाच फेटाळला जातो. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

लग्न. उपचार चालू असतील तर ठरण्याआधी होणाऱ्या जोडीदाराला सांगा, आणि मध्यस्थामार्फत नको, स्वतः सांगा. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवली, या कारणावरून पुढे विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते. त्याहून मोठं म्हणजे, गोळी लपवून घ्यायची म्हणून ती सुटते आणि लग्नानंतर काही महिन्यांत आजार उलटतो. आईवडील हे लपवा म्हणून गळ घालतात तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम मुलीलाच भोगावे लागतात.

दाखल होणं. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या सज्ञान रुग्णाला घरी जाण्याची मागणी करता येते. बरं असताना दोन कागद करून ठेवता येतात. एक, पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार हवेत किंवा नकोत याची आगाऊ सूचना. दुसरा, तुमच्या वतीने बोलणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीची नेमणूक. ती साध्या कागदावर सहीने किंवा अंगठ्याने होते. माहेर-सासर यांचं पटत नसेल, किंवा तुम्ही एकटे राहत असाल, तर हा दुसरा कागद या आठवड्यातच करा आणि त्याची एक प्रत डॉक्टरांच्या फायलीत लावायला सांगा. शॉक ट्रीटमेंट भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय देणं कायद्याने बंद आहे. भूल देऊन दिलेली ही पद्धत तीव्र डिप्रेशनमध्ये उपयोगी पडते, तेव्हा सिनेमात पाहिलेल्या दृश्यांवरून नकार देऊ नका, प्रश्न विचारा.

तुमच्या उपचारांच्या नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ देतं. डॉक्टर बदलायचे असतील, दुसरं मत घ्यायचं असेल किंवा गाव सोडून जायचं असेल, तर या नोंदींची प्रत लेखी मागा. त्यावर एफ ३२ लिहिलं असेल तर तो डिप्रेशनच्या एका कालखंडाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक आहे, एफ ३३ म्हणजे ते पुन्हा आलं आहे. एफ ४३ ने सुरू होणारा संकेतांक एखाद्या ताणाच्या प्रसंगानंतरच्या त्रासाचा असतो आणि त्याचा उपचार, मुदत वेगळी असू शकते. कोणता लिहिला आहे आणि का, हे नव्या डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत विचारून घ्या.